जातो म्हणू नये

१

साताऱ्याच्या एसटी स्टँडावर आकारामरावांनी हयातभर कंट्रोलर म्हणून काम केलं. विटा गाडी फलाटाला लागली, मेढा गाडी सुटते आहे, असं सगळ्या जिल्ह्याला ओरडून सांगायचं आणि आपण मात्र खिडकीतनं हलायचं नाही, असली ती नोकरी. निवृत्त झालं की आपणही फिरायचं, असं नवराबायकोनं कधीचं ठरवून ठेवलेलं. पण निरोपसमारंभाचा हार सुकायच्या आत छातीत कळ आली. दवाखान्यात रक्ताच्या नळीत स्प्रिंग बसवली. डॉक्टरांनी भरपूर चाला म्हणून बजावलं, आणि आकारामराव घरी येऊन बैठकीच्या कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच.

भिंतीकडं बघत बसायचे. हाक मारली तर ओ द्यायला इतका वेळ लावायचे, की बायकोच्या, संयोगिताबाईंच्या, हातातली पळी आमटीत तशीच थांबायची. आता ओ येतीय का नाही, ह्या भीतीनं. तसे दिवसच्या दिवस गेले. शेवटी श्रावणात त्यांनी सोळा सोमवार धरले. मागणं एकच. ह्यांना त्या खुर्चीतनं उठीव, देवा.

महादेवानं ऐकलं, पण ऐकलं ते मोबाईलच्या तोंडून. पुण्याची पुतणी स्वप्नाली राखीपौर्णिमेला आली आणि काकाच्या मोबाईलमध्ये एक खेळ घालून गेली. नकाशावर जागोजाग गोल असतात. देवळं, पूल, पार, स्टँड. खरोखर तिथं जाऊन गोलात उभं राहायचं. थोडा वेळ गेला की मोबाईल हातात गुरगुरतो आणि राखाडी गोल आपल्या रंगाचा होतो. आपला ताबा. दुसरा कुणी येऊन तिथं उभा राहीपर्यंत तो आपला. रंग संयोगिताबाईंनी निवडला, शेंदरी. दोघांच्या नावांतनं स्वप्नालीनं खेळाडूचं नाव जुळवलं, आकासंयो. पाय दुखतील त्या दिवशी काकाला लांब जायला नको म्हणून तिनं खेळवाल्यांना कळवून गोडोलीतल्या त्यांच्या घराच्या दारातसुद्धा एक गोल मागून घेतला.

आधी दारातला गोल, मग तळ्याचा, मग माहुलीच्या संगमाचा. पाय सुटले. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, आकारामरावांजवळ निवृत्तीचा पास. मेढ्याला गेले, औंधच्या यमाईला गेले, आष्ट्याला, पलूसला, औदुंबरला गेले. ह्या भागात हा खेळ खेळणारं दुसरं माणूसच नव्हतं, त्यामुळं बघता बघता दोन जिल्हे शेंदरी झाले. मोबाईल गुरगुरला की आकारामराव स्टँडावरच्या आवाजात जाहीर करायचे, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, औंध आता आपल्या ताब्यात आलेले आहे," आणि आसपासची माणसं वळून बघायची. संयोगिताबाई पदराआड हसायच्या. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती, ह्यापेक्षा त्यांना जास्त काय पाहिजे होतं?

ते ताबा घेत, तोवर ह्या हात जोडत. आणि निघताना त्या जागेला, मग ते देऊळ असो नाहीतर नुसता पार, म्हणत, "येतो आमी." जातो म्हणू नये. हे काही कुणी शिकवावं लागत नाही. जातो हा शब्द त्यांनी घरात एकदाच ऐकला होता, सासऱ्यांच्या तोंडून, आणि दिवेलागणीच्या आत सासरे खरंच गेले होते.

२

कार्तिक लागला होता. खरसुंडीच्या सिद्धनाथाचं दर्शन घेऊन दोघं परत निघाली होती. उद्यापन जवळ आलेलं, म्हणून संयोगिताबाई जाईल तिथल्या देवाला आवतणाची अक्षत ठेवत होत्या. लग्नाची पहिली अक्षत देवाला देतात, मग उद्यापनाची का देऊ नये, असा त्यांचा आपला हिशेब. पिशवीत कुंकवाची डबी आणि तांदळाची पुडी कायम.

भिवघाटाच्या अलीकडं माळावरनं गाडी चालली होती आणि आकारामराव मोबाईलवरनं मान वर काढून खिडकीबाहेर बघायला लागले. नकाशावर रस्त्याकडेला एक गोल होता. राखाडी नव्हे, पांढरा. त्याला नाव नव्हतं.

"हितं थांबा हाय?" ते स्वतःशीच म्हणाले. मग कंडक्टरला विचारलं. कंडक्टर म्हणाला, असंल जुना, आमी थांबवत न्हाई. आता दोन्ही जिल्ह्यांतला एकेक थांबा तोंडपाठ असलेल्या माणसाला माहीत नसलेला थांबा सापडला म्हटल्यावर काय होणार. जुनी ओळख काढून त्यांनी गाडी थांबवायला लावली. मागची विटा गाडी आहेच म्हणाले, आणि दोघं उतरली.

तीन भिंती, वर पत्रा, आत सिमेंटचा कट्टा. गावाचं नाव लिहायला भिंतीवर पिवळा पट्टा ओढलेला, त्यावर काही लिहिलेलं नाही. पुसलेलंही नाही. बाहेर माळावर वारा नुसता भणाणत होता, आणि आत पाऊल टाकलं की तो बंद. कमी नव्हे, बंद. कोंदट वास होता, दोरीवर न वाळता राहिलेल्या धडुत्यासारखा. आणि कट्ट्याच्या टोकाला, भिंतीला टेकून, एक दगड होता. माणूस बसला की जेवढा दिसतो तेवढा.

दगडाला कुणी कुंकू लावलेलं नव्हतं. संयोगिताबाईंना वाईट वाटलं. माळावरचा देव, कोण येणार लावायला? सकाळी विळीवर बोट कापलं होतं, त्याला पट्टी होती, म्हणून त्यांनी दुसऱ्या बोटानं कुंकू टेकवलं, तर ते नीट बसलं नाही. खाली डावीकडं शेपूट ओघळलं. मग त्यांनी पुढ्यात अक्षत ठेवली. तोवर इकडं मोबाईल गुरगुरला. एरवी गुर्र करून थांबतो, तसा थांबला नाही. आकारामराव त्याला हलवून बघत राहिले.

बाहेर एक धनगराची म्हातारी गाडीची वाट बघत उभी होती. डोईवर गठुडं, ऊन रणरणतं, पण आत यायचं नाव नाही. संयोगिताबाईंनी तिला आत सावलीला बोलावलं, तर म्हणाली, मला उनच बरं हाय. नाव विचारलं तर दगडाबाई म्हणाली. लांबून विटा गाडीची धूळ दिसली तशी ती दोन पावलं जवळ आली.

"निगालासा न्हवं? मग जातो म्हणा."

"काय म्हणायचं?"

"जातो. हितनं जातो म्हणून निगायचं. आन मागं बगायचं न्हाई."

संयोगिताबाईंनी नवऱ्याचा दंड धरला. नवऱ्याच्या छातीत स्प्रिंग, आपण त्याच्यासाठी व्रत धरलंय, आणि ही म्हातारी काय बोलायला सांगतीय. त्या स्वभावानं गरीब, कुणाला उलटून बोलायच्या नाहीत. पण त्या दिवशी बोलल्या.

"मावशी, ह्यांचं ऑपरेशन झालंय. त्यो शब्द माझ्या तोंडातनं यायचा न्हाई."

आणि मुद्दाम मागं वळून, थांब्याच्या आत बघून, त्या मोठ्यानं म्हणाल्या, "येतो आमी. उद्यापनाला तुमीबी या."

म्हातारीनं पदर तोंडावर ओढून घेतला. गाडी आली, दार उघडलं. दोघं चढली. ती मात्र चढली नाही. गाडी सुटली तशी ती उन्हातनं, रस्ता सोडून, माळानं चालायला लागली.

३

भिवघाट यायच्या आत आकारामरावांनी मोबाईल पुढं केला. शेंदरी झालेला तो गोल परत पांढरा झाला होता.

"कुनीतरी खेळतंय गं," ते म्हणाले. त्यांना आनंदच झाला होता. इतके दिवस एकट्यानंच पत्ते खेळणाऱ्याला समोर भिडू मिळाल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवघाट पांढरा होता. मग खानापूर. मग विट्याचा स्टँड. ज्याचा ताबा असेल त्याचं नाव गोलावर बोट टेकवलं की दिसतं. इथं बोट टेकवलं की नावाच्या जागी नुसती मोकळी जागा दिसायची. स्वप्नालीला फोन केला. ती म्हणाली, काका, असं नाव ठेवताच येत नाही, अ‍ॅपचा काहीतरी घोळ असेल, मी कळवते त्यांना. मग हसून म्हणाली, एवढं मनाला लावून घेऊ नका, खेळ आहे.

संयोगिताबाईंनीही मनाची तशीच समजूत घातली. विट्याचं कुणी कॉलेजचं पोरगं असेल. मोटारसायकल असेल त्याच्याकडं. पण मोटारसायकलवाला दिवसाला एकच गोल का घेईल? हे तर चालणाऱ्याचं अंतर होतं. तेही रमतगमत नव्हे, मुक्काम करत, एसटीच्या रस्त्यानं, साताऱ्याच्या दिशेनं.

आणि कडेगाव पांढरं झालं त्या दिवशी त्यांना दुसरीच एक गोष्ट दिसली. कडेगावाला लागूनच सागरेश्वर. तो मात्र शेंदरी होता. पलीकडं आष्टाही शेंदरी. त्या बाजूचं एकेक पांढरं होत चाललंय आणि हे दोन कसे राहिले, म्हणून त्या देवापुढं वाती वळता वळता आठवत बसल्या. सागरेश्वराला वानरांनी प्रसादाची पिशवी पळवली होती आणि ही दोघं चपला हातात घेऊन गाडीकडं पळाली होती. आष्ट्याला गाडी सुटता सुटता पकडलेली.

त्या दोन जागांना त्या येतो म्हणाल्या नव्हत्या.

वात बोटातच राहिली. मग त्यांनी ती पिळून घट्ट केली. योगायोग, त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि घरात आपलाच आवाज ऐकून थोड्या दचकल्या.

४

कऱ्हाड पांढरं झालं त्या सकाळी आकारामराव दूध आणायला निघाले. चपला घातल्या आणि उंबऱ्यातनं म्हणाले, "जातो गं."

संयोगिताबाई स्वयंपाकघरातनं धावतच बाहेर आल्या. "काय म्हणालात?"

"दूध आणतो म्हणालो."

"त्याच्या आधी."

"येतो म्हणालो की." ते खरंच गोंधळलेले दिसत होते. "दुसरं काय म्हणणार?"

ऐकण्यात चूक झाली असेल. कुकरची शिट्टी होत होती. पण दुसऱ्या दिवशी कुकर नव्हता आणि शब्द तोच होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी दारातच अडवलं, आधी येतो म्हणा मग हला म्हणाल्या. आकारामराव लहान पोरासारखे हसले, तोंड उघडलं, आणि त्यांच्या ओठांना तो शब्द सापडेना. बघणाऱ्याला कळत होतं. चष्मा डोक्यावर ठेवून माणूस घरभर शोधतो, तसे ते शोधत होते. शेवटी चपला काढून आत आले आणि वेताच्या खुर्चीत बसले.

त्या दिवसापासनं ते परत खुर्चीत बसायला लागले. बसताना मात्र एका कडेला सरकून बसत, जणू बसमध्ये शेजारच्याला जागा दिलीय. मोबाईल मांडीवर. उंब्रज गेलं, नागठाणं गेलं, ते नुसतं बघायचे. आता जाहीर करणं बंद झालं होतं. हाक मारली की ओ यायला परत तेवढाच वेळ लागायला लागला, आणि पळी आमटीत थांबायला लागली.

शेजारच्या फरीदाभाभी भिंतीवरनं कोथिंबिरीची जुडी द्यायला आल्या. त्यांचा लेक साताऱ्यातच रिक्षा चालवतो. आकारामरावांच्या दुखण्यात त्यानंच रात्री दवाखान्यात नेलेलं, असा घरोबा. भाभींनी जुडी दिली आणि उघड्या दारातनं आत बघून पदर सारखा केला.

"काकू, पाहुनं आल्यात का? मग मी मागनं येते."

"कोन पाहुनं? हेच बसल्यात एकटं."

"आसं व्हय." भाभींनी परत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "सावली पडली आसंल."

त्या एरवी पाऊण तास बोलायच्या. त्या दिवशी लगेच गेल्या.

५

उद्यापनाच्या आदल्या दिवशी दुपारी तळ्याचा गोल पांढरा झाला. तळं घरापासनं हाकेच्या अंतरावर. मग त्या वाटेवर उरला दारातला एकच.

संयोगिताबाईंना भीती वाटत नव्हती असं नाही. पण भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, दूध वर येतं तसं. सोळा सोमवार त्या बिनमिठाचं जेवल्या होत्या. पायाला भिंगरी लावून दोन जिल्ह्यांतल्या देवांना हात जोडले होते. ते काय ह्यांना परत त्या कोपऱ्यात बसवायला?

त्यांनी नवऱ्याच्या मांडीवरनं मोबाईल उचलला. आजवर त्यांनी तो हातात धरला नव्हता. पायात चपला सरकवून एकट्याच तळ्यावर गेल्या, गोलाच्या मधोमध उभ्या राहिल्या. भोवती पोरं सायकली फिरवत होती, कुणी भेळ खात होतं. चारचौघांसारखी उजेडाची दुपार. मोबाईल गुरगुरला, गोल शेंदरी झाला. त्यांनी स्वतःशीच मान डोलावली. निघताना सवयीनं ओठांवर शब्द आला, तो त्यांनी दातांखाली धरला.

घराचं फाटक उघडलं आणि हातात परत गुरगुर झाली. बघितलं तर तळं पांढरं.

वळून बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, तरी बघितलं. रस्ता मोकळा होता. फक्त सायकलवाली पोरं खेळायची थांबून, रस्त्याच्या कडेला सरकून, कुणालातरी वाट देत असल्यासारखी उभी होती. मग त्यांनाच कळेना आपण का थांबलो, आणि ती परत ओरडत सुटली.

"आलास तर ये," संयोगिताबाई म्हणाल्या. "उद्या जेवन हाय. बोलवलंय मीच."

६

उद्यापन यथासांग झालं. गहू जाडसर दळून, तूपगुळाचा चुरमा केला. त्याचे तीन भाग केले, एक देवाचा, एक गाईचा, एक घरचा. मेहुणं जेवली. सवाष्णींच्या ओट्या भरल्या. आणि सगळी पानं मांडून झाल्यावर संयोगिताबाईंनी आणखी एक पान वाढलं, कोपऱ्यातल्या खुर्चीपुढं. कुणी विचारलं नाही. गाईचं असेल, पितरांचं असेल, असं समजली माणसं. अक्षत दिलेल्याला उपाशी ठेवायचं नाही, हा नियम त्यांना मोडायचा नव्हता. पुढचं पुढं.

जेवणं उरकून ऊन कलायला लागलं तशी मंडळी उठली. येतो काकू, येते हं, येतो आमी. प्रत्येकाला त्या दारात उभ्या राहून म्हणत होत्या, या. आपल्या भाषेचा हा गुण की पाहुण्याला निरोप द्यायलाही आपण या असंच म्हणतो. शेवटचं जोडपं फाटकाबाहेर पडलं आणि घर शांत झालं.

माळावरच्या थांब्यात झालं होतं तसं. बाहेर रिक्षा जात होती, फरीदाभाभींच्या अंगणात कुणी कपडे आपटत होतं, आणि उंबऱ्याच्या आत त्यातलं काही येत नव्हतं. न वाळलेल्या धडुत्याचा वास आला.

कमरेला खोचलेला मोबाईल गुरगुरला आणि थांबेना. त्यांनी काढून बघितलं. दारातला गोल पांढरा.

"जातो गं," आकारामराव म्हणाले, आणि खुर्चीतनं उठले.

पायात चपला नव्हत्या. नजर दाराच्या पलीकडं, लांब कुठंतरी, फलाटाला लागलेली गाडी बघावी तशी. ते दोन पावलं पुढं आले तेव्हा त्यांच्या मागं खुर्ची दिसायला पाहिजे होती. कोपऱ्यात उन्हाचा कवडसा पोचत नाही. खुर्चीचा वेत दिसत नव्हता. वेताच्या जागी काय होतं, हे संयोगिताबाईंनी पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की बसलेल्या माणसाचं कपाळ जिथं असतं, त्या उंचीवर त्यांना कुंकू दिसलं. तिरकं. खाली डावीकडं शेपूट ओघळलेलं. आणि खाली पान स्वच्छ पुसल्यासारखं रिकामं.

उंबऱ्यावर उभं राहू नये म्हणतात. संयोगिताबाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. दोन्ही हात चौकटीला लावले, एका हातात मोबाईल. गोल इथंच होता, पायाखाली. थोडा वेळ उभं राहायचं, एवढाच तर खेळ.

आकारामराव येऊन त्यांच्या अंगाला भिडले. जोर होता. त्या दुखणाईत माणसात इतका जोर कुठला, हा विचार त्यांनी बाजूला सारला. पाय रोवले.

"पाहुनचार झाला," त्या नवऱ्याच्या खांद्यावरनं कोपऱ्याशी बोलल्या. एकेक शब्द सुटा. "मी अक्षत दिली, तू आलास. जेवलास. माझं चुकलं न्हाई आन तुझंबी न्हाई. पर हे माझं मानूस हाय. ह्यांच्यासाठी मी सोळा सोमवार केल्यात, तुझ्यासाठी न्हाई."

कोपऱ्यात काही हललं नाही.

मग त्यांनी तो शब्द उच्चारला. दारात आलेल्या भिकाऱ्यालासुद्धा त्या पुढं हो म्हणायच्या. घरच्या पाहुण्याला तर उभ्या जन्मात म्हटला नव्हता. त्यांना वाटलं जीभ झडेल.

"आता जा."

वेत करकरला. सावकाश, बसलेलं वजन उठताना करकरतो तसा. हातातला मोबाईल गुरगुरत होता, आकारामरावांची छाती त्यांच्या छातीवर धडधडत होती, आणि मधूनच ठोका चुकत होता. तो त्यांना कळत होता.

"आन तुमी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमी म्हणा, येतो."

त्यांचे ओठ हलले.

"म्हणा. तुमी आजवर सगळ्या गाड्या सोडल्यात. एक शब्द येत न्हाई? म्हणा."

"ये," आकारामराव म्हणाले. कपाळावर घाम होता. "ये… येतो."

आणि त्यांच्या मागनं, अगदी जवळनं, नुकतंच शिकलेल्या पोरानं आईचं बघून म्हणावं तितकं स्पष्ट, दुसरा आवाज म्हणाला, "येतो."

संयोगिताबाईंच्या खांद्याला काहीतरी गार घासून गेलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत, पण मागंही बघितलं नाही. मोबाईल थांबला. बाहेर फरीदाभाभींनी बादली ओतल्याचा आवाज घरात आला, मग रिक्षाचा, मग सगळ्याच जगाचा.

गोल शेंदरी होता. आकारामराव त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून उभे होते. थोड्या वेळानं म्हणाले, "चहा टाक गं. लय लांबनं आल्यासारखं वाटतंय."

त्या चहा टाकायला गेल्या. भांडं गॅसवर ठेवलं आणि तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. म्हातारी बरोबर होती. त्या जागेवरनं आजवर सगळे जातो म्हणून गेले होते, म्हणून ते तिथंच बसून होतं. येतो हा शब्द त्याला त्यांनीच शिकवला. आणि ते निघालंसुद्धा कसं, तर घरच्या पाहुण्यासारखं, रीत पाळून.

येतो म्हणणारा पाहुणा येतो.

७

आता उन्हाळा लागलाय. मोबाईल संयोगिताबाईंच्याच कमरेला असतो, आणि खेळ त्यांना चांगला यायला लागलाय. कडेगाव परत घेतलं, विटा घेतला, भिवघाट घेतला. त्याच्या पलीकडं त्या उतरत नाहीत. माळावरचा तो एक गोल पांढरा आहे, तो राहू दे. ज्याचं त्याला.

अधूनमधून सकाळी नकाशा उघडला की खानापूर पांढरं दिसतं. मग विटा. एकदा तर उंब्रजपर्यंत आलं. स्वप्नाली म्हणते घोळ अजून निस्तरला नाही वाटतं. संयोगिताबाई म्हणतात, नसंल. आणि डबा भरायला घेतात. चपात्या, शेंगदाण्याची चटणी, ह्यांच्या गोळ्या. त्यानं घ्यावं, ह्यांनी जाऊन परत घ्यावं. आकारामराव चालतात, दमतात, डॉक्टर खूश आहेत. विट्याच्या स्टँडावर परवा त्यांनी इतक्या मोठ्यानं जाहीर केलं की खरा कंट्रोलर खिडकीतनं बाहेर डोकावला. आणि प्रत्येक जागेवरनं निघताना ते स्वतः, न सांगता, खणखणीत म्हणतात, येतो.

खुर्ची अजून कोपऱ्यात आहे. तिच्यात कुणी बसत नाही. भाभी म्हणाल्या देऊन टाका, तर संयोगिताबाई म्हणाल्या, कुणाच्या घरी देऊ?

आज नागठाणं पांढरं झालंय. साताऱ्याच्या इतकं जवळ उद्यापनानंतर पहिल्यांदाच. आकारामराव फाटकापाशी पिशवी घेऊन उभे आहेत. संयोगिताबाईंनी देवाला हात जोडले, गॅस बघितला, आणि दारातनं त्या कोपऱ्याकडं वळल्या.

"येतो आमी," त्या म्हणाल्या. देवाला म्हणायच्या तसं नव्हे. शेताच्या बांधावर उभं राहून हद्द सांगावी तसं.

कोपऱ्यात वेत हळूच करकरला. कुणी नीट टेकून बसावं तसा.

त्यांनी पदर खोचला.

"बस," त्या म्हणाल्या. "आमी येतोयच."

त्यांनी दार ओढलं, कुलूप घातलं, दोनदा हिसकून बघितलं, आणि फाटकाकडं चालायला लागल्या. "चला हो," त्या म्हणाल्या, "कऱ्हाड गाडी लागली आसंल."